बोट ठेवून, मोठ्यानं वाचा

कागदावरची चूक फाडून टाकता येते, कॉम्प्युटरवरची पुसता येते. दगडावरची कुठे नेऊन ठेवायची? त्यावर कुणाचं तरी नाव असतं. पायरीला वापरावा तर नावावर पाय पडणार. फोडावा म्हटलं तर आमचे भास्करशेठ हातोडा खाली ठेवतात. "जिवंत माणसाचं नाव आहे, मॅडम. घाव कसा घालायचा?" त्यामुळे चुकलेले दगड आमच्या दुकानामागे भिंतीकडे तोंड करून उभे असतात, शिक्षा झालेल्या पोरांसारखे. ओट्यासाठी ग्रॅनाइट बघायला आलेलं गिऱ्हाईक मागे जातं, एखादा दगड वळवून बघतं आणि विचारतं, "हे काय हो?" की झाली सुरुवात! दगड साचत गेले तसे किस्सेही साचले.

आमचं दुकान नाशकात, द्वारका चौकाजवळ, सर्व्हिस रोडला. मुख्य धंदा ओटे, उंबरे आणि पायऱ्यांचा. एका कोपऱ्यात अक्षरांचं काम चालतं. कोनशिला, घरांच्या पाट्या, गेलेल्या माणसांच्या स्मृतिशिला. भास्करशेठ मालक. रशीदभाई कारागीर. आणि मी अक्षरं लावणारी. आधी एका प्रेसमध्ये मुद्रितं तपासायचे. प्रेस बंद पडली आणि मी कागदावरून दगडावर आले.

काम समजायला सोपं आहे. मी कॉम्प्युटरवर मजकूर लावते, मशीन त्याचा स्टिकर कापतं, तो दगडावर चिकटवतात. अक्षराच्या जागचा स्टिकर सोलून काढतात. मग रशीदभाई तोंडाला फडकं बांधून कॉम्प्रेसर चालू करतात आणि वाळूचा फवारा मारतात. जिथे सोललं तिथे वाळू दगड खाते. राहून गेलेलं नंतर कोरता येतं, पण एकदा खाल्लेलं भरता येत नाही. म्हणून कॉम्प्रेसर चालू व्हायच्या आधीची पाच मिनिटं आमच्याकडे कुणी फारसं बोलत नाही.

*

त्या रांगेतला शेवटचा दगड घोटीकडच्या एका गावातल्या सभागृहाचा. सरपंचांचं नाव ज्ञानेश्वर. मजकूर त्यांनीच मोबाइलवर टाइप करून पाठवला होता. मी लावला, मुद्रित पाठवलं. लगेच अंगठा आला!

या अंगठ्याची मला धास्ती वाटते. तो मजकूर वाचल्याचा पुरावा नसतो, मोबाइल हातात असल्याचा असतो.

मोबाइलवरची अक्षरं आमच्या जुन्या फॉन्टमध्ये आली की एक रोग होतो. 'श्व'चा 'श्र्व' होतो. तो मी बघितला नाही, रशीदभाईंनी बघितला नाही, शेठनी बघितला नाही. दगड गेला. उद्घाटनाला शेठ नवा शर्ट घालून गेले.

पाहुण्यांनी पडदा ओढला. टाळ्या झाल्या. सरपंच फोटोसाठी दगडाशेजारी उभे राहिले, सहज मान वळवली आणि स्वतःचं नाव वाचलं. 'ज्ञानेश्र्वर'. शेठ सांगतात की टाळ्या चालू होत्या आणि सरपंचांचा चेहरा उतरत होता, तेवढ्या वेळात आपल्याला हातातल्या पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडता आलं नाही.

सरपंच स्टेजवरून उतरून सरळ शेठकडे आले. सगळं गाव बघत होतं.

"शेठ, तुम्ही अक्षरावर पैसे घेता ना?"

"हो..."

"मंग हा जादाचा र कोणाच्या बिलात?"

*

त्याच दिवशी शेठ दुकानात आले ते गळ्यात सत्काराचा टॉवेल तसाच घेऊन. गाडीतून परत आलेला दगड मागे भिंतीला लावला. मग आम्हा दोघांना समोर उभं केलं.

"आता नीट ऐका. यापुढे एक दगड चुकला, एक, की अक्षरांचं काम बंद! या कोपऱ्यात टाइल्सचा रॅक लावतो. टाइल्सला स्पेलिंग नसतं."

रशीदभाईंनी मला हळूच विचारलं, "ताई, रॅक आला तर आपण कुठे?"

"घरी," मी म्हटलं.

मी हे हसत म्हटलं, पण ते खोटं नव्हतं. पेपर वाचायला माणसं राहिली नाहीत, प्रेस बंद पडल्या, माझ्या वयाच्या बाईला ऱ्हस्व-दीर्घ बघायला पगार देणारं नाशकात दुसरं कोण उरलंय? हा कोपरा गेला म्हणजे मी गेले. रशीदभाईंचंही तेच. ओटे कापणारे गल्लोगल्ली आहेत, वाळूनं वेलांटी वळवणारे नाहीत.

म्हणून नियम मीच केला. स्टिकर दगडावर चिकटला की गिऱ्हाइकाच्या घरचं माणूस दुकानात येणार आणि सगळा मजकूर मोठ्यानं वाचणार. त्याशिवाय कॉम्प्रेसर चालू होणार नाही. आम्ही वाचून उपयोग नाही, आम्हाला जे असायला हवं तेच दिसतं. मनातल्या मनात वाचूनही उपयोग नाही. डोळा उड्या मारतो, तोंडाला उड्या मारता येत नाहीत.

शेठनी तो नियम लाल रंगात भिंतीवर लिहून घेतला. तो लिहिणाऱ्या पेंटरलाही मोठ्यानं वाचायला लावला!

*

नियमाला पहिला विरोध एका डॉक्टरांनी केला. गंगापूर रोडला नवा बंगला, गेटवर काळ्या ग्रॅनाइटची पाटी, त्यावर नवरा-बायको दोघांची नावं. बायकोही डॉक्टरच. गाडी दारात चालू ठेवून साहेब आत आले.

"अहो, मी काय चौथीतला मुलगा आहे का मोठ्यानं वाचायला? मीच तर मजकूर पाठवलाय!"

"म्हणूनच," मी म्हटलं.

रशीदभाई फवाऱ्याचा पाइप हातात धरून उभे. शेठ गल्ल्यावरून माझ्याकडे बघतायत, गिऱ्हाईक जातंय की राहतंय. मॅडम मागे हाताची घडी घालून उभ्या. साहेबांनी शेवटी एकदाचं वाचलं. स्वतःचं नाव, त्यापुढच्या पदव्या, पदवीतला प्रत्येक पूर्णविराम, सगळं ठणठणीत वाचलं. मग बायकोच्या नावावर आले.

"डॉक्टर वैशा..." आणि थांबले.

'वैशालि'. शेवटची वेलांटी पहिली, ऱ्हस्व. मी मोबाइल पुढे केला, त्यांनीच पाठवलेला मजकूर होता. तिथेही तीच. मी हजार वेळा विचारलं असतं, पण माणसानं स्वतःच्या बायकोचं नाव पाठवलं म्हटल्यावर विचारायचं तरी कुणाला?

बाहेर गाडी चालूच होती. मॅडम पुढे आल्या, चष्मा वर केला, पाटी बघितली. मग नवऱ्याकडे बघितलं. मला वाटलं आता हा बंगला वास्तुशांतीच्या आधीच दुभंगतो.

"हा स्टिकर फुकट जाणार ना तुमचा?" त्यांनी मला विचारलं.

"हो, दुसरा कापावा लागेल."

"मग हा मला द्या. फ्रिजवर लावते. रोज सकाळी यांना वाचायला."

*

नियमात 'बोट' नंतर आलं. ते एका कार्यकर्त्यामुळे आलं.

मनमाडकडे कुठलीशी पाण्याची टाकी. दुपारी कार्यक्रम, सकाळी दगड अजून आमच्याकडेच. टेम्पो दारात उभा. नावं रात्रीपर्यंत बदलत होती, एक साहेब वर गेले, एक खाली आले, एकाच्या मागे 'मा.' लागला. शेठ फोनवर फक्त "हो साहेब, झालंच साहेब" एवढंच म्हणत होते. आणि इकडे नियम!

"घरचं माणूस कोण आणायचं?" रशीदभाई म्हणाले. "टाकीचं घर कुठे असतं?"

मग पक्षाचा कार्यकर्ता आला. पांढरे कपडे, कपाळाला टिळा. नियम ऐकून खूश झाला. म्हणाला, "अरे वाचायचं काय घेऊन बसले! लय प्रॅक्टिस हाय आपल्याला." दगडावर हात ठेवून त्यानं सुरुवात केली आणि काय वाचलं म्हणून सांगू! अमुक यांच्या शुभहस्ते, तमुक यांच्या अध्यक्षतेखाली, सन्माननीय, आदरणीय, लोकप्रिय. कुठे अडखळला नाही. शेवटी शेठनी टाळ्या वाजवल्या. टेम्पोवाल्यानंही वाजवल्या.

रशीदभाईंनी कॉम्प्रेसरचं बटण दाबलं. मशीन धडधडायला लागलं. फडकं बांधलं, पाइप उचलला.

मला काहीतरी खुपत होतं. त्याचं तोंड 'लोकप्रिय'वर होतं तेव्हा हात कुठे होता? हात वरच्या ओळीवरच होता. आणि 'लोकप्रिय' हा शब्द मी लावलाच नव्हता!

"थांबा!" मी ओरडले. मशीनच्या आवाजात काही ऐकू जाईना. मी जाऊन पाइपच धरला. रशीदभाई घाबरून मागे सरले, "या अल्ला, ताई, हात गया असता ना!"

त्या माणसानं दगड वाचलाच नव्हता. रोज माइकवर म्हणतो ते म्हणून दाखवलं होतं. मी त्याचं बोट धरून पहिल्या शब्दावर ठेवलं. एकेक अक्षर. सगळ्यात मोठ्या टायपात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, 'घ'च्या जागी 'ध' होता. 'उद्धाटन'. टेम्पो दारात तसाच उभा राहिला, मी स्टिकर पुन्हा कापला, शेठनी टॉवेलनं मान पुसली.

कार्यकर्ता मात्र शांत होता. म्हणाला, "ताई, उगा टेन्शन घेतलं. दगडाकडं कोण बघतं? सगळे कॅमेऱ्याकडं बघतात."

*

सगळ्याच वेळी मी जिंकते असं नाही. सटाण्याकडचे एक काका आले, द्राक्षबाग करणारे, बोलणं अहिराणी. मुलानं नाशकात बंगला बांधला होता, पाटी काकांकडून भेट. मजकूर एवढाच, 'आमनं घर'.

मी बिनदिक्कत 'आमचं घर' लावलं. मनात म्हटलं, घाईत चुकलं असेल.

काका वाचायला बसले. नियमाप्रमाणे बोट ठेवलं आणि बोट 'च'वर अडलं. तिथून हलेना.

"हाई काय लिखं?"

"काका, शुद्ध मराठीत 'आमचं' लिहितात."

"लिखतस ना, लिखतस." त्यांनी मान हलवली, जागेवरून उठले नाहीत. शेठ गल्ल्यावरून खुणा करायला लागले, माझ्याकडे बघून कपाळावर हात मारायला लागले. मीही हट्टाला पेटले. दगडावर चुकीचं मराठी माझ्या हातून जाणार नाही, हवं तर ऑर्डर परत घ्या, इथपर्यंत माझ्या जिभेवर आलं होतं.

काकांनी टोपी नीट केली आणि अगदी गोडीत विचारलं, "ताई, घर आमनं शे, मंग पाटी तुमनी कशी काय?"

मी 'आमनं' लावलं. त्यांनी बोट ठेवून तीनदा वाचलं, दर वेळी थोडं जास्त मोठ्यानं.

*

मग 'व'च्या पोटाचा प्रकार झाला. त्यात आमचं सगळ्यांचंच दिवाळं निघता निघता राहिलं.

अक्षर सोलताना त्याच्या पोटातला गोळा दगडावर चिकटलेलाच ठेवावा लागतो. 'व'चं पोट, 'ब'चं पोट. तो निघाला तर वाळू आतलं सगळं खाते आणि 'व'चा खड्डा होतो. एका देवळाच्या देणगीदारांची शिला होती. मंडळाचे अध्यक्ष वाचून गेले, बोट ठेवून, मोठ्यानं, चोख. आणि शेवटची साफसफाई करताना रशीदभाईंच्या चिमट्यातून 'वसंतराव'मधल्या पहिल्या 'व'चं पोट उडालं!

नवीन कापायचं तर स्टिकर कापणाऱ्या मशीनचं पातं सकाळीच तुटलेलं. देवळाची गाडी यायची वेळ झालेली. मी आणि रशीदभाई गुडघ्यावर बसून फरशी चाचपायला लागलो. तांदळाएवढा काळा तुकडा आणि आमची फरशीही काळी! शेठ मघापासून आमच्या डोक्याशी वाकून उभे.

"पोट कुठे गेलं? आँ? एवढंसं पोट सांभाळता येत नाही! चुकलं तर याद राखा, रॅक लावणार म्हणजे लावणार!"

रशीदभाई टेबलाखाली शिरले. एरवी मोठा दिमाखाचा माणूस. "अपने जैसा हात सात जिल्ह्यांत नाही" म्हणणारा. त्याला असं फरशीवर रांगताना बघून मला रडू आलं. तेवढ्यात देवळाची गाडी आली. पुजारीकाका उतरले, आत आले, आमच्याकडे बघितलं, मग शेठकडे बघून हात जोडले.

"वा शेठ! आज काळा बुक्का? एकादशी आहे का?"

'व'चं पोट शेठच्या कपाळावर होतं.

रशीदभाईंनी ते चिमट्यानं उचललं तेव्हा शेठनी श्वास धरून ठेवला होता. दगड वेळेत गेला, बिनचूक गेला. आम्ही दोघं हसलो. शेठ हसले नाहीत. माणसाला सगळं सहन होतं, चारचौघांत कपाळ दाखवणं होत नाही. दुसऱ्याच दिवशी रॅकवाला आला आणि माझ्या टेबलाच्या कोपऱ्याची मापं घेऊन गेला. माझ्यादेखत, टेप माझ्या खुर्चीवरून ओढून! शेठ म्हणाले, "मापं घेऊन ठेवली. लावायला किती वेळ लागतो?"

*

आणि त्याच आठवड्यात त्या मावशी आल्या.

मखमलाबादच्या पुढे मळा. गुलाब, शेवंती, झेंडू. घरचं सगळं फुलांवर. यजमान जाऊन वर्ष होत होतं. दुसऱ्या दिवशी वर्षश्राद्ध, आणि मळ्यात विहिरीजवळ एक लहानशी स्मृतिशिला बसवायची होती. मुलानं सगळं ठरवलं होतं, वाचायलाही तोच येणार होता. पण बहिणीला आणायला मनमाडला गेला, गाडी लेट झाली आणि त्याचा फोन लागेना. म्हणून शेजारच्या पिकअपमधून मावशी स्वतः दगड न्यायला आल्या. पिकअपवाल्याला पुढे भाडं होतं, तो दारात हॉर्न वाजवत होता.

"वाचता येतं ना, मावशी?" मी विचारलं.

"येतं की. चौथी झाले. पोथी वाचते."

मी त्यांना दगडापुढे आणलं. स्टिकर चिकटवून तयार होता. वर नाव, 'निवृत्ती रामचंद्र मोरे', खाली दोन तारखा. रशीदभाईंनी कॉम्प्रेसर आधीच चालू केला होता, घाई होती.

"बोट ठेवून मोठ्यानं वाचा. बरोबर असलं की लगेच करून देतो."

त्यांनी तारखा वाचल्या. बोट ठेवून, स्पष्ट. मग हात मागे घेतला.

"नाव?" मी म्हटलं.

"बघितलं मी."

"बघून चालत नाही, मावशी. वाचावं लागतं."

त्या खाली बघत राहिल्या. "मी नाय घेत त्यांचं नाव."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. माझी आजी असंच करायची. पण ते किती जुनं!

"कधीच नाही घेतलं?"

"लग्नात घेतलं उखाण्यात. सासूनं ढोसलं तवा. मंग नाय. दवाखान्यात बी पोरगंच सांगायचं. माझ्या तोंडून नाय कधी."

बाहेर हॉर्न. शेठ गल्ल्यावरून उठून आले. मला वाटलं सोडतील, म्हणतील जाऊ दे. पण त्यांनी भिंतीवरच्या लाल अक्षरांकडे बोट केलं.

"मावशी, नियम आहे. उद्या नाव चुकलं निघालं तर तुमचा मुलगा माझ्या दारात येईल."

"मंग ह्या ताई वाचतील. शिकलेल्या हायेत."

"घरचंच माणूस लागतं," मी म्हटलं. माझाच आवाज मला परका वाटला. मला त्यांची दया येत होती, अगदी पोटातून येत होती. पण टेप ओढलेली माझी खुर्ची मागेच होती. हा एक दगड चुकला की मी घरी. रशीदभाई घरी. मी मागे नाही सरले.

शेठना एकदम सुचलं. खुशीत येऊन म्हणाले, "अहो मग उखाणा घ्या ना! उखाण्यात चालतं की!"

मावशींनी वर बघितलं. रागावल्या नाहीत.

"उखाणा हसाया असतो, शेठ."

रशीदभाईंनी चेहऱ्यावरचं फडकं सोडलं. कॉम्प्रेसर धडधडत होता. पिकअपवाला आत डोकावला, आमची तोंडं बघून परत गेला आणि हॉर्न वाजवायचा थांबला. मावशी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. मी परत एकदा त्यांच्या मुलाला फोन लावला. लागला नाही.

"हे बंद करा," मावशी म्हणाल्या.

रशीदभाईंनी बटण दाबलं. दुकान एकदम रिकामं वाटलं.

"आणि तुम्ही समदे भाहेर जा."

आम्ही बाहेर गेलो. मालक, कारागीर, मी, तिघंही आपल्याच दुकानाबाहेर सर्व्हिस रोडवर उभे. मावशींनी आतून शटर खाली ओढलं, पूर्ण नाही, गुडघ्यापर्यंत. खालून त्यांचे पाय दिसत होते. त्यांनी चपला काढल्या.

हायवेवरून ट्रक जात होते. आतून काहीच येईना. शेठनी मोबाइल काढला आणि परत खिशात ठेवला. रशीदभाई शटरकडे पाठ करून उभे राहिले.

मग बारीक आवाज आला. नि. वृ. त्ती. एकेक अक्षर, थांबून, पोथी वाचतात तसं. वडिलांचं नाव. आडनाव. संपलं. मी सुटकेचा श्वास सोडला, शटरला हात लावला. रशीदभाईंनी माझा हात धरला.

कारण आत त्यांनी हाक मारली.

वाचलं नाही, हाक मारली. मळ्याच्या पार त्या टोकाला असलेल्या माणसाला जेवायला बोलवावं तशी. पूर्ण नाव, आडनावासकट. शटर त्या आवाजानं थरारलं. हातगाडीवरचा केळीवाला वळून बघायला लागला. मग त्या थांबल्या. कुणी ओ द्यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्या थांबल्या. आणि परत एकदा मारली, आधीपेक्षा मोठ्यानं.

शेठनी पायातल्या चपला काढल्या. का ते त्यांनाही माहीत नसावं.

शटर वर गेलं. मावशींनी पदर डोक्यावर नीट घेतला होता. डोळे कोरडे होते. बोटाला दगडाची पांढरी भुकटी लागली होती, ती त्यांनी पुसली नाही.

"बरोबर हाय नाव," त्या म्हणाल्या. "एवढ्या जोरात बोलावलं, दुसरं कोणी आलं नाय."